कच्चं मडकं, पक्कं मडकं : संत गोरोबाकाकांचं चरित्र

पांडुरंगाच्या कृपेनं आपल्या दिंडीला यंदा शंभर वर्षं पूर्ण होत आहेत. या अंकात एक तरी संतचरित्र असावं असं बैठकीत ठरलं, तेव्हा पुष्कळ नावं निघाली. शेवटी जुन्या माळकऱ्यांनी तेरच्या गोरोबाकाकांचं नाव काढलं आणि सगळ्यांच्या माना डोलल्या.

त्याला कारण आहे. पाण्याचा टँकर दिंडीबरोबर चालू लागला, त्याच्या आधी सामानाच्या बैलगाडीत गवताच्या चुंबळीवर एक रांजण बांधलेला असे. गावच्या कुंभाराच्या हातचा. भर उन्हात त्यातलं तांब्याभर पाणी प्यायलं की पुढचा टप्पा चालायला बळ येई. ज्या कुंभारवाड्यातून तो रांजण येई, तिथे आता चाक फिरत नाही. पोरं शहरात कामाला गेली. कीर्तनात काकांच्या थापटण्याची गोष्ट आली की आजही मंडपात हशा पिकतो. पण हसणाऱ्यांतल्या बहुतेक तरुणांनी थापटणं कधी डोळ्यानं पाहिलेलं नाही. म्हणून आम्ही ठरवलं की काकांचं चरित्र सांगायचं ते त्यांच्या कामासकट सांगायचं. मडकं कसं घडतं हे कळलं तर काकाही जास्त कळतील.

काकांचं गाव तेर. पूर्वी उस्मानाबाद म्हणत त्या धाराशिव जिल्ह्यात, तेरणा नदीच्या काठी. जुन्या कथांत त्याला सत्यपुरी म्हणतात, कुणी तेरढोकीही म्हणतं. गाव फार प्राचीन. दोन हजार वर्षांपूर्वी त्याला तगर म्हणत आणि इथलं कापड गाड्यांवर लादून पार भडोचच्या बंदरापर्यंत जाई, असं एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्यानं लिहून ठेवलं आहे. तिथल्या पांढरीच्या टेकाडांतून आजही खापरं निघतात. रामलिंगप्पा लामतुरे यांनी जन्मभर जमवलेल्या अशा वस्तूंचं सरकारी संग्रहालय गावात आहे. मातीची भांडी, मातीच्या बाहुल्या, मणी तिथे मांडून ठेवले आहेत. म्हणजे काका जन्मले त्याच्याही हजार-बाराशे वर्षं आधीपासून या गावात मातीला आकार देणारे हात होते. काकांनी त्याच मातीत हात घातला.

काकांचा जन्म इ.स. १२६७ चा, म्हणजे शके ११८९ चा मानतात. वडील माधवबुवा, आई रखुमाबाई. घर कुंभाराचं आणि विठ्ठलभक्तीचं. माळ गळ्यात आणि चाक अंगणात.

कुंभाराचं पोर काम कसं शिकतं ते आम्ही जुन्या कुंभारांकडून ऐकलं आहे. काकाही तसेच शिकले असणार. पोराला चाकावर कुणी आधी बसवत नाही. आधी पाणी आणायचं. मग वाळलेल्या मातीची ढेकळं फोडायची, खडे वेचायचे, राख चाळायची, गाढवाच्या पाठीवर गोण्या लादायच्या. नदीकाठची माती कुठली, तळ्यातला गाळ कुठला, कुठली माती वाळताना तडकते, हे चिमटीत घेऊन ओळखायला शिकायचं. नुसती चिकण माती घेतली तर भांडं वाळताना भेगाळतं. म्हणून तिच्यात लीद, राख, बारीक भुसा कालवतात. किती कालवायचा याचं माप कुठे लिहिलेलं नसतं. हाताला कळतं तेच माप. मग हातानं पणत्या, बोळकी करायची. यात वर्षं जातात. चाक सगळ्यात शेवटी.

काही वर्षांपूर्वी वारीच्या वाटेवर एका मुक्कामी आम्ही कुंभाराच्या घरी उतरलो होतो. आमच्यातल्या दोघा-तिघांना हौस आली. चाकावर बसलो. म्हाताऱ्या कुंभारबाबांनी दांडीनं चाकाला गती दिली, मातीचा गोळा मधोमध ठेवला. त्यांच्या हाताखाली तो गोळा कमळासारखा वर येत होता. आमच्या हाताखाली एकदा डावीकडे कलला, एकदा उजवीकडे, आणि तिसऱ्यांदा उडून धोतरावर आला. बाबा हसले नाहीत. तीच माती उचलून त्यांनी पुन्हा गोळा केला आणि पुन्हा चाकावर ठेवली. ती गोष्ट तेव्हा आमच्या लक्षात आली नाही, पण पुढे ती कामाला येणार आहे.

काका मोठे झाले, कामात तरबेज झाले. गावगाड्यातल्या बारा बलुतेदारांत कुंभार एक. लग्नाला आवा-बहुलं त्याचं, संक्रांतीला सुगड त्याचं, अक्षय्यतृतीयेला करा-केळी त्याची, आणि माणूस गेल्यावर खांद्यावरून नेतात ते मडकंही त्याचंच. काकांचं लग्न झालं, बायकोचं नाव संती. घरात मूल आलं. काम चाललं होतं आणि मुखी विठ्ठलाचं नाम चाललं होतं.

आता तो प्रसंग येतो जो सांगताना आमच्या दिंडीतल्या बायाबापड्या पदर डोळ्याला लावतात.

माती भिजवून झाली की ती तुडवावी लागते. खड्ड्यात किंवा अंगणात माती पसरायची आणि पायांनी मळायची. एक फेरा, दोन फेरे, असे कितीतरी. माती लोण्यासारखी होईपर्यंत थांबायचं नाही. पायाचा तळवा सगळं सांगतो. डाळीएवढा खडा लागला तरी कुंभार थांबतो, वाकतो, तो काढून टाकतो, कारण तेवढा एक खडा राहिला तर पुढे भांड्याला तिथे भोक पडतं. काका असेच माती तुडवत होते. संतीबाई मुलाकडे लक्ष ठेवायला सांगून पाण्याला गेल्या. काकांची विठ्ठलाशी तंद्री लागली. तान्हं मूल रांगत रांगत त्या चिखलात आलं आणि काकांच्या पायाखाली गेलं. ज्या तळव्याला खडा कळे, त्याला स्वतःचं लेकरू कळलं नाही.

हे सांगून कीर्तनकार बहुधा लगेच पुढे जातात, तल्लीनता किती ती बघा म्हणतात. आम्हाला वाटतं, इथे क्षणभर थांबावं. काकांची भक्ती थोर होतीच, तिला आमचा दंडवत आहे. पण ती थोर ठरवायला त्या आईचं दुःख लहान करायची गरज नाही. आपल्या संतकथेनं तर ते मुळीच लहान केलेलं नाही. संतीबाई घागर घेऊन आल्या, लाल झालेला चिखल पाहिला आणि त्यांनी आकांत केला. नवऱ्याला बोलल्या, विठ्ठलालाही बोलल्या. देवाला बोललेलं ऐकून काका भानावर आले आणि रागानं त्यांच्यावर धावून गेले. तेव्हा त्या माउलीनं विठोबाचीच आण घातली, की आता मला हात लावायचा नाही. काका जागच्या जागी थांबले. देवाची आण ती. त्या दिवसापासून त्यांनी बायकोला स्पर्श केला नाही.

यातलं काहीही आपल्या पूर्वजांनी लपवलं नाही. बापाची चूक, आईचा संताप, संताचा राग, सगळं महिपतीबुवा ताहराबादकरांच्या भक्तिविजयापासून गावोगावच्या कीर्तनांपर्यंत जसंच्या तसं आलं आहे. काकाही त्या वेळी आव्यात होते असं म्हणायचं. आच लागत होती.

पुढची कथा आपल्याला माहीत आहे. वंश खुंटेल या काळजीनं संतीबाईंनी आपल्या धाकट्या बहिणीचं, रामीचं, काकांशी लग्न लावून दिलं. निरोप देताना सासऱ्यांनी दोघींना सारखं वागवा असं सांगितलं. काकांनी ते अक्षरशः धरलं. एकीला हात लावायचा नाही तर दुसरीलाही नाही. दोघी बहिणी कष्टी झाल्या. एका रात्री काका झोपेत असताना दोघींनी दोन बाजूंनी त्यांचे हात आपल्या अंगावर घेतले. जाग आली तेव्हा काकांना वाटलं, आण मोडली आणि ती या हातांनी मोडली. त्यांनी आपले दोन्ही हात तोडून टाकले.

इतरांनी हात गमावणं आणि कुंभारानं हात गमावणं यात फरक आहे. मडक्याच्या बाहेर एक हात, आत एक हात, तेव्हा भिंत उभी राहते. दोरा लावून चाकावरचं भांडं उतरवायचं तेही हातांनी. माती भिजली की नाही हे हाताला कळतं, वाळली की नाही हेही हातालाच कळतं. जन्मभर शिकलेलं सगळं ज्ञान त्या दोन हातांत होतं. ते गेले म्हणजे घराचा दाणागोटा गेला आणि विद्याही गेली.

अशा वेळी पांडुरंग धावून आला, असं कथा सांगते. रुक्मिणीमातेला घेऊन, कुंभाराचं रूप घेऊन तो काकांच्या घरी कामाला राहिला. गरुडाचं गाढव झालं. देवानं माती वाहिली, तुडवली, चाक फिरवलं, मडकी भाजली आणि बाजारात नेऊन विकली. कबीरांचे शेले विणणारा, जनाबाईंबरोबर दळणारा हा देव. पण आमचं मन एका गोष्टीवर अडतं. देवाला हात नुसते परत देता आले असते. त्याऐवजी तो आधी येऊन चिखलात उतरला, काम केलं. काम हलकं असतं तर देवानं ते केलं असतं का? आपल्याकडे कुंभार, चांभार, माळी, न्हावी यांच्या कामाला नाकं मुरडणारे लोक तेव्हाही होते, आजही आहेत. त्यांच्यासाठी ही कथा पुरेशी आहे.

पुढे सगळे पंढरीला गेले. नामदेवरायांचं कीर्तन रंगात आलं होतं. गजर झाला, सगळ्यांनी टाळी वाजवली, हात उंचावले. काकांनीही आपले थोटे हात वर केले आणि त्या गजरात त्यांना पुन्हा हात फुटले. संतीबाईंनी रुक्मिणीमातेला आपल्या लेकरासाठी आळवलं आणि ते मूल त्या गर्दीतून रांगत त्यांच्याकडे आलं. देवानंच ती आणही सोडवली. आपली माणसं हा प्रसंग डोळे मिटून ऐकतात. आम्हीही तसाच ऐकत आलो.

आता थापटण्याची गोष्ट. त्याआधी भाजणीचं थोडं सांगितलं पाहिजे, नाहीतर गोष्टीतली खरी मेख हातून निसटेल.

चाकावरून उतरलेलं मडकं ओबडधोबड असतं, बूड जाड असतं. ते थोडं सुकू द्यायचं, पण पुरतं नाही. मग आतून मातीचा किंवा दगडाचा गुंडा धरायचा आणि बाहेरून लाकडी थापटण्यानं हलके हलके थोपटायचं. आतला हात आधार देतो, बाहेरचा मार देतो. त्यानं भिंत पातळ होते, घट्ट होते, मडकं मोठं होतं, गोल होतं. मग सावलीत वाळवायचं. घाई करून ओलं मडकं आव्यात घातलं तर आतल्या पाण्याची वाफ होते आणि ते फुटतं, शेजारच्यालाही घेऊन जातं. पुरतं वाळलं की गोवऱ्या, काटक्या, पाचट यांच्यात रचून आवा लावायचा, वरून राखेनं आणि मातीनं लिंपायचा. अशा उघड्या आव्यात साधारण ७०० ते ८०० अंशांची उष्णता होते. ६०० अंशांच्या पुढे मातीच्या पोटात बांधलेलं पाणीसुद्धा निघून जातं. त्यानंतर ती माती कितीही भिजवा, पुन्हा चिखल होत नाही. आवा निवला की उकलायचा आणि एकेक मडकं बोटानं वाजवून बघायचं. पक्कं असेल तर खणखणीत वाजतं. कच्चं किंवा तडकलेलं असेल तर बद्द बोलतं. कुंभाराचा कान त्यात फसत नाही.

तर एकदा काकांच्या घरी संतमंडळी जमली होती. निवृत्तीनाथ, ज्ञानदेव, सोपानदेव, मुक्ताबाई, नामदेवराय आणि इतर सगळे. काकांना सगळे काका म्हणत. पण वयाचा हिशेब करून पाहा. प्रचलित साल धरलं तर काका १२६७ चे, नामदेवराय १२७० चे, निवृत्तीनाथ १२७३ चे, ज्ञानदेव १२७५ चे. म्हणजे नामदेवरायांहून काका तीन वर्षांनी मोठे. एवढ्यानं कुणी काका होत नाही. त्यांना ते नाव मिळालं ते त्यांच्या पोक्तपणामुळे.

मुक्ताबाईंची नजर कोपऱ्यातल्या थापटण्यावर गेली. हे काय म्हणून त्यांनी विचारलं. यानं मडकं कच्चं की पक्कं ते कळतं, असं काकांनी सांगितलं. तेव्हा मुक्ताबाई म्हणाल्या, की आम्हीही देवानं घडवलेली मडकीच, आमच्यात कोण कच्चं आहे ते बघा. काका उठले. थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर थापटत निघाले. सगळे शांत बसून राहिले. नामदेवरायांची पाळी आली तेव्हा ते कळवळले, रागावले. काकांनी निवाडा दिला, हे मडकं कच्चं आहे.

मंडपातला हशा नेमका इथेच होतो. एवढे थोर नामदेव, देवाच्या हाताला घास भरवणारे, आणि कच्चे ठरले! नामदेवरायांना अपमान वाटला. ते पंढरीला गेले, विठ्ठलापाशी गाऱ्हाणं केलं. देवानंही काकांचाच निवाडा खरा धरला आणि गुरू करायला औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे पाठवलं. तिथे विसोबा शिवलिंगावर पाय ठेवून निजलेले दिसले. नामदेवरायांनी हटकलं, तर देव नसेल तिथे माझे पाय ठेव, असं उत्तर मिळालं. त्यांनी पाय उचलून जिथे ठेवले तिथे पिंड दिसली. देव फक्त पंढरीच्या देवळात नाही, हे तिथे त्यांच्या गळी उतरलं. पुढे हेच नामदेवराय भागवत धर्माची पताका घेऊन पार पंजाबापर्यंत गेले. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची पदं आहेत.

आता त्या म्हाताऱ्या कुंभारबाबांची आठवण काढा. आमच्या हातून बिघडलेला गोळा त्यांनी उचलला आणि पुन्हा चाकावर ठेवला. तसं करता आलं कारण माती कच्ची होती. कच्चं मडकं मोडलं तर पाण्यात टाकावं, विरघळतं, पुन्हा घडवता येतं. भाजलेलं फुटलं तर ते खापर. त्याचं मडकं पुन्हा होत नाही. थापटणंसुद्धा कच्च्या मडक्यासाठीच असतं. पक्क्यावर ते मारलं तर तुकडे होतील. म्हणून काकांनी नामदेवरायांना कच्चं म्हटलं त्यात हिणवणं नव्हतं. अजून घडायला जागा आहे, आच मात्र लागायची आहे, एवढंच एका कारागिरानं सांगितलं. हे कोण सांगू शकत होतं? ज्यानं हजारो मडकी वाजवून पाहिली होती तो. आणि ज्याला स्वतःला काय आच लागली होती ते आपण वर पाहिलं, तो.

नामदेवरायांचा मोठेपणाही तिथेच आहे. ते रुसले, पण गेले. नाव झालेलं असताना, देव बोलत असताना, पुन्हा शिकायला बसले.

काकांचे वीसएक अभंग आज मिळतात. थोडे आहेत, पण निर्गुणाच्या अनुभवाचे आहेत. हातानं आकार घडवणाऱ्या माणसानं निराकाराबद्दल बोलावं याचं आम्हाला आधी नवल वाटे. आता वाटत नाही. मडक्याच्या आतली पोकळी कुंभाराइतकी कुणाला ठाऊक असते? पाणी तर त्या पोकळीतच राहतं.

शके १२३९, म्हणजे इ.स. १३१७ मध्ये, चैत्र वद्य त्रयोदशीला काकांनी तेरला देह ठेवला. तेरणेच्या काठी काळेश्वराच्या देवळाजवळ त्यांची समाधी आहे. त्या तिथीला तिथे यात्रा भरते. गावात काकांचं घर म्हणून जागा दाखवतात. ज्यांना जमेल त्यांनी एकदा जाऊन यावं. समाधीवर डोकं ठेवावं आणि संग्रहालयातली ती दोन हजार वर्षांची मडकीही पाहावीत.

शंभर वर्षं झाली म्हणून आपल्या दिंडीचा सगळीकडे सत्कार होतो आहे. हार येतात, फलक लागतात. आम्हाला आनंद आहे, पण थोडी भीतीही वाटते. शंभर वर्षं चाललो म्हणजे पक्के झालो, असं मनात येऊ लागलं तर काय? मागच्या एका वारीत पंगतीत मागेपुढे बसण्यावरून आपल्यातच बोलाचाली झाली होती. जे त्या वेळी होते त्यांना ती आठवत असेल. त्यात आम्हीही होतो. थापटणं लागलं आणि आम्ही कळवळलो. काकांच्या हिशेबानं आम्ही अजून कच्चे आहोत. वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. कच्चं आहे ते घडतं.

दोन गोष्टी मात्र हातच्या आहेत. दिंडीत नवीन पोर आलं, त्याचा टाळ चुकला, पावली चुकली, तर हसू नये. मधोमध धरून पुन्हा चाकावर ठेवावं. आणि गावात कुणी कुंभार अजून चाक फिरवत असेल तर संक्रांतीचं सुगड, नवरात्राचा घट, उन्हाळ्याचा माठ त्याच्याकडूनच घ्यावा. घेताना बोटानं वाजवून घ्यावा. जमल्यास पोराबाळांना त्याच्या अंगणात तासभर बसवावं. ही विद्या शिकायला वर्षं लागतात आणि विसरायला एक पिढी पुरते. येत्या वारीला बैलगाडीत पुन्हा एक रांजण बांधायचं आम्ही ठरवलं आहे. टँकर असला तरी. कुंभाराचा शोध चालू आहे.

गोरोबाकाकांच्या चरणी दंडवत.

राम कृष्ण हरी.